माजी कबड्डीपटूला आमदारकी लढवायचीय: राजीनामा, अर्ज आणि हिशेब कसे जुळवायचे? (सोलापूर जिल्हा)

मैदान_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या भागातला एक माजी कबड्डीपटू पुढच्या विधानसभेला उभा राहायचं म्हणतोय. प्रो कबड्डीचे तीन हंगाम खेळलाय, नाव आहे, गावोगाव पोरं ओळखतात. भाषणाचं, पक्षाचं काय ते तो बघेल. माझा प्रश्न कागदांचा आहे. त्याची परिस्थिती अशी:

खेळाडू म्हणून थेट नियुक्तीने राज्य सरकारची नोकरी, सेवा नऊ वर्षं. बायकोच्या नावाने क्रीडासाहित्याची फर्म आहे. त्या फर्मने एका सरकारी कार्यालयाला कबड्डीच्या मॅट पुरवल्या, माल पोचला, बिल अजून अडकलंय. बक्षिसात मिळालेल्या दोन मोटरसायकली, त्यातली एक विकली पण कागद अजून याच्याच नावावर. चांदीची ढाल आणि पदकं घरात. मतदार यादीत नाव पुण्यात आहे, खेळायच्या काळात तिकडे राहत होता म्हणून. शहर मध्य, दक्षिण की अक्कलकोट, हे अजून ठरलेलं नाही. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे.

राजीनामा कधी द्यायचा? अर्ज कशामुळे बाद होतो? आणि निवडून आला तर खेळणं, कोचिंग हे चालू ठेवता येतं का? नेमकं सांगा, वरवरचं नको.

---

कागद_पक्का

मैदानभाऊ, सगळ्यात आधी राजीनामा, कारण बाकीच्या चुका दोन दिवसांत सुधारता येतात, ही येत नाही.

राज्यघटनेच्या कलम १९१ प्रमाणे सरकारखालचं लाभाचं पद धारण करणारा माणूस विधानसभेला अपात्र. पात्रता तपासली जाते ती छाननीच्या दिवशी. त्या दिवशी हातात काय पाहिजे? राजीनामा दिल्याची पोच नव्हे, राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश आणि कार्यमुक्त केल्याचं पत्र. नुसता अर्ज आवक-जावकला टाकून आलं की नोकरी संपली, असं पुष्कळांना वाटतं. नियुक्ती प्राधिकाऱ्याने मंजूर करेपर्यंत माणूस नोकरीतच असतो.

२०२४ चं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवा. घोषणा १५ ऑक्टोबर, अधिसूचना २२, अर्जाची शेवटची तारीख २९, छाननी ३०, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबर. म्हणजे घोषणा झाल्यापासून अर्ज संपेपर्यंत हातात १४ दिवस. तेवढ्यात तालुक्यावरून निघालेली फाइल मंत्रालयात जाऊन सही होऊन परत येईल, या भरवशावर राहू नये. मध्य प्रदेशात २०२३ ला आमला मतदारसंघात एका उपजिल्हाधिकारी बाईंचा राजीनामा महिनोन्‌महिने लटकला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. मंजुरी आली तोवर पक्षाने दुसऱ्याला उमेदवारी देऊन टाकली होती.

उलट उदाहरण विनेश फोगटचं. सप्टेंबर २०२४ ला तिने रेल्वेची नोकरी सोडली, रेल्वेने नोटीसची मुदत माफ करून राजीनामा मंजूर केला, आणि ऑक्टोबरात जुलाना मतदारसंघातून ती ६,०१५ मतांनी निवडून आली. पण मुदत माफ करणं हा खात्याचा अधिकार आहे, कर्मचाऱ्याचा हक्क नाही. तुमच्या माणसाने सहा महिने आधी अर्ज दिला तर काहीच बिघडत नाही, फक्त सहा पगार जातात.

राजीनामा कुठे अडतो तेही सांगतो. विभागीय चौकशी चालू असेल किंवा प्रस्तावित असेल तर मंजुरी थांबते. थेट नियुक्तीच्या आदेशात अमुक वर्षं सेवेचा बंध असेल तर त्याची रक्कम भरावी लागते, म्हणून तो मूळ आदेश आजच काढून ओळ न ओळ वाचा. सरकारी क्वार्टर, घरबांधणी अग्रिम, ग्रंथालयाचं पुस्तकसुद्धा. प्रत्येक ठिकाणचा ना-देय दाखला लागतो. आणि राजीनाम्यात "निवडणूक लढवायची असल्याने, उमेदवारी मिळाल्यास" अशी सशर्त भाषा अजिबात नको. विनाशर्त, तारीख टाकून, एका परिच्छेदात.

हेही त्याला स्पष्ट सांगा: राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा दिला की मागची सेवा जप्त होते. स्वेच्छानिवृत्ती वेगळी, पण ती २० वर्षांनंतर. नऊ वर्षांत तो मार्ग नाही. हरला तर परत घ्या म्हणायचा हक्क राहत नाही. घरात बसून हे बोलून घ्या, बायकोसमोर.

मंजुरी यायच्या आधी पक्षाच्या मेळाव्यात व्यासपीठावर बसणं, इच्छुकांच्या मुलाखतीला जाणं, फेसबुकवर "भावी आमदार"चे फलक टाकणं बंद. १९७९ च्या वर्तणूक नियमांत सरकारी कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घ्यायला मनाई आहे. त्याच फोटोवरून चौकशी लागली तर राजीनामा अडकलाच.

---

तालीमवाला_अक्कलकोट

कागद सरांनी लिहिलंय त्यात एक भर. नोकरी सोडली तरी अशी लहान पदं विसरून राहतात: सरकारच्या एखाद्या क्रीडा समितीवर सदस्य, मानधनावरचा प्रशिक्षक, एखाद्या योजनेचा सदिच्छादूत. "मी मानधन घेतच नाही" हे उत्तर चालत नाही. जया बच्चन यांच्या प्रकरणात २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की पैसे घेतले का हा प्रश्न नाही, त्या पदातून लाभ मिळू शकतो का हा प्रश्न आहे. त्या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि राज्यसभेचं सदस्यत्व गेलं. महाराष्ट्रात १९५६ च्या कायद्याने काही पदांना अपात्रतेतून सूट आहे, पण आपलं पद त्या अनुसूचीत बसतंय का हे वकिलाकडून बघून घ्यावं. बसत नसेल तर तेही पद लेखी सोडावं, मंजुरी घ्यावी.

मतदार जागृतीसाठी जिल्हा प्रशासन खेळाडूंना आयकॉन नेमतं. तसा तो असेल तर पक्षात जायच्या आधी ते सोडावं. नाहीतर मतदान केंद्राबाहेर प्रशासनाच्या फलकावर उमेदवाराचाच फोटो, आणि पहिली तक्रार तिथून.

प्रो लीगचा करार, खासगी कंपनीची जाहिरात, टीव्हीवरचं समालोचन यात अडचण नाही. ते सरकारखालचं पद नाही.

---

मतदारयादी_बघा

यादीचं मी सांगतो. विधानसभेला उमेदवार त्याच राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार असला की पुरे. पुण्यात नाव असलं तरी सोलापुरातून लढता येतं. फक्त अर्जासोबत पुण्याच्या यादीतल्या त्या पानाची प्रमाणित प्रत जोडावी लागते किंवा छाननीला दाखवावी लागते. झेरॉक्स नाही, मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची. पण मी तर म्हणेन नाव गावाकडेच आणा. फॉर्म ८ भरून बदलता येतं. स्वतःचं मत स्वतःला देता येत नाही ही गोष्ट प्रचारात विरोधक रोज काढतात. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवसांपर्यंत आलेले अर्जच धरतात. २०२४ ला ती तारीख १९ ऑक्टोबर होती. राष्ट्रीय शिबिरासाठी हरियाणा किंवा दिल्लीत नाव नोंदवलेले खेळाडू इथेच फसतात, कारण ते महाराष्ट्राचे मतदारच उरत नाहीत.

आता मतदारसंघ. तालुका आणि मतदारसंघ एक नाही, हे सोलापूर जिल्ह्यात फार महत्त्वाचं. दक्षिण सोलापूर तालुक्याचा काही भाग अक्कलकोट मतदारसंघात (क्र. २५०) जातो. दक्षिण सोलापूर (२५१) मध्ये उलट शहराचा जुळे सोलापूर, विजापूर रोडकडचा बराच भाग येतो. माढा तालुक्यातली ३६ गावं करमाळ्यात (२४४) मोडतात. त्यामुळे "आमचं गाव दक्षिणमध्ये" असं तोंडी ठरवू नका, यादीतला भाग क्रमांक काढा.

हे एवढ्यासाठी, की सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारे, त्याच मतदारसंघाचे मतदार लागतात. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक, अपक्ष किंवा अमान्यताप्राप्त पक्षाचा असेल तर दहा. अपक्षांचे अर्ज बाद होण्याचं हे नेहमीचं कारण आहे: दहातला एक सूचक रस्त्याच्या पलीकडचा, दुसऱ्या मतदारसंघातला निघतो. शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण यांच्या हद्दी गल्लीगल्लीतून जातात. चार अर्ज भरायची मुभा असते, म्हणून दहा-दहाचे दोन वेगळे संच करा. पहिल्यातला एक सूचक चुकला तरी दुसरा अर्ज उभा राहतो. आणि कोणी सूचक अंगठा लावणारा असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर हजर करून अंगठा घ्यावा लागतो, घरून उठवून आणलेला चालत नाही.

मोहोळ (२४७) आणि माळशिरस (२५४) अनुसूचित जातीसाठी राखीव आहेत. तिथे विचार असेल तर जातीचा दाखला.

---

हिशेबनीस_सोलापूर

शपथपत्राकडे येतो. नमुना २६. खेळाडूंचं शपथपत्र इतरांपेक्षा किचकट असतं, कारण त्यांची मिळकत सरळ पगाराची नसते.

पॅन आणि मागच्या पाच आर्थिक वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न द्यायचं असतं, स्वतःचं, पत्नीचं, एकत्र कुटुंबाचं, अवलंबितांचं. आता बघा: प्रो लीगचा करार विवरणपत्रात आहे, पण गावोगावच्या स्पर्धांत "सामनावीर ५१ हजार" हातात मिळालेले कुठेच नाहीत. मालमत्तेच्या रकान्यात मात्र त्यातूनच घेतलेली जमीन आहे. पाच वर्षांचं उत्पन्न एकीकडे, खरेदीखत दुसरीकडे, जुळत नाही. केंद्र किंवा राज्य सरकारने दिलेले, मान्यता असलेले पुरस्कार १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१७अ) खाली करमुक्त होते, त्याचे पत्र शोधून ठेवा. यात्रा कमिटीचं किंवा मंडळाचं बक्षीस त्यात बसत नाही. विवरणपत्र सुधारायची मुदत असेल तर आत्ताच सुधारा. निवडणुकीच्या वर्षात केलेली सुधारणा विरोधकांना आयता मुद्दा देते.

चांदीची ढाल, सोन्याचांदीची पदकं मौल्यवान वस्तूंच्या रकान्यात, वजन आणि आजची किंमत लिहून. मुलामा असलेली पदकं म्हणजे सोनं नव्हे. सराफाकडून लेखी घ्या, नाहीतर कोणी फोटो दाखवून "सोनं लपवलं" म्हणेल. विकलेली मोटरसायकल आरटीओत जोवर त्याच्या नावावर आहे तोवर ती त्याची. एकतर हस्तांतर पूर्ण करा, नाहीतर शपथपत्रात लिहा.

हे बारीक वाटत असेल तर किसन कथोरे विरुद्ध अरुण सावंत हा निकाल आठवा. २००४ ची अंबरनाथची निवडणूक. मालमत्ता, वाहन, भागीदारी फर्म, वीजबिलाची थकबाकी असल्या गोष्टी शपथपत्रात दिल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ला सांगितलं की उमेदवारी अर्ज चुकीचा स्वीकारला गेला, निवडणूक रद्द. छाननीत अर्ज मंजूर झाला म्हणजे सुटलो असं नाही. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते.

पत्नीच्या फर्मचं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ उमेदवाराने स्वतः सरकारशी केलेल्या मालपुरवठ्याच्या किंवा बांधकामाच्या चालू कंत्राटाबद्दल आहे. फर्म खरोखर पत्नीची असेल, हा भागीदार नसेल, बँकेत याची सही चालत नसेल, तर त्यावरून तो अपात्र होत नाही. पण नमुना २६ मध्ये पत्नीच्या सरकारी कंत्राटांची माहिती द्यायची असते, ती लिहायचीच. आणि समजा फर्म त्याची असती तरी, कायद्याच्या स्पष्टीकरणात चांगली गोष्ट आहे: आपला भाग पूर्ण झाला, माल पोचला, फक्त सरकारने पैसे द्यायचे राहिलेत, तर तेवढ्यावरून कंत्राट चालू धरत नाहीत. त्यासाठी माल मिळाल्याची पोच, पाहणी अहवाल, साठा नोंदवहीतली नोंद हे तिन्ही कागद हवेत. मॅटवर एक वर्षाची देखभाल-हमी लिहून दिली असेल तर मात्र आपला भाग संपला असं म्हणता येत नाही. करार नीट वाचा.

सरकारी घरात मागच्या दहा वर्षांत राहिला असेल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांचा ना-देय दाखला लागतो.

एकही रकाना मोकळा सोडू नका. "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. आडवी रेघ मारलेली चालत नाही. प्रत्येक पानावर सही, नोटरीचा शिक्का. निवडणूक निर्णय अधिकारी त्रुटींची यादी देतो, ती घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये. त्या यादीतली त्रुटी वेळेत भरली नाही तर छाननीला अर्ज जातो.

---

मैदान_सोलापूर

हिशेबनीस सर, कागद सर, मनापासून आभार. मॅटच्या करारात खरंच एक वर्षाची हमी आहे, पण ती गेल्या वर्षी संपली. फर्मच्या बँक खात्यावर मात्र त्याचीही सही आहे. ती काढून टाकावी का?

---

हिशेबनीस_सोलापूर

काढा, आणि निवडणुकीच्या बऱ्याच आधी काढा. बँकेचं तारखेचं पत्र फाइलला लावा. फर्म खरोखर कोण चालवतं हे पुढे कोणी विचारलं तर खात्यावरची सही हा पहिला पुरावा असतो. नव्या निविदा निवडणूक होईपर्यंत भरू नका, हे माझं मत. कायदा अडवत नाही, पण आमदार झाल्यावर क्रीडा कार्यालयाला बायकोच्या फर्मची मॅट गेली हे लोकांना पटणार नाही, आणि पटूही नये.

---

कागद_पक्का

अर्जाच्या दिवसाचं राहिलं होतं.

वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. कचेरीत उमेदवार धरून पाच जण, शंभर मीटरच्या आत तीन गाड्या. मिरवणुकीत अडकून तीन वाजून गेले की अर्ज घेत नाहीत. तीनच्या आत जो कचेरीत पोचला तोच. खेळाडूची मिरवणूक मोठी निघते, पोरं खांद्यावर घेतात, म्हणून शेवटच्या दिवशी जाऊच नका. पहिला अर्ज साधेपणाने आधी भरून टाका, मिरवणुकीचा दुसरा.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तरच परत. २,४०,००० वैध मतं असतील तर नेमकी ४०,००० पडली तरी अनामत जाते, ४०,००१ पडली तर वाचते. नोटाची मतं यात धरत नाहीत.

पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद, शेवटच्या दिवशी तीनच्या आत, शाईच्या सहीचा. मोबाइलवर आलेला फोटो चालत नाही.

आता जी गोष्ट सगळे विसरतात: शपथ. अर्ज भरल्यानंतर उमेदवाराने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर घटनेप्रमाणे शपथ घ्यायची असते आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली शपथ उशिराची. २०२४ ला छाननी ३० ऑक्टोबरला होती, म्हणजे २९ पर्यंत. अर्ज देऊन झाला की तिथेच उभं राहून शपथ घ्या आणि घेतल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

मतपत्रिकेवर "पैलवान", "कबड्डीपटू" असं काही हवं असेल तर आधीच लेखी मागा. उपाधी मान्य झाली तरी वर्णक्रमातली जागा त्यावरून बदलत नाही, ती नावावरूनच ठरते. अपक्ष असेल तर मुक्त चिन्हांच्या यादीतून तीन पसंतीक्रमाने द्यायची. बॅट, फलंदाज, फुटबॉल, कॅरम बोर्ड अशी खेळाची चिन्हं त्या यादीत येत आली आहेत. त्या वेळची यादी बघून घ्या. कबड्डीपटूने बॅट मागितली तरी चालतं, पण माझा अनुभव नाही, मत आहे: म्हातारीला लांबून ओळखू येईल तेच चिन्ह घ्या.

गुन्हे दाखल असतील, अगदी आंदोलनातले असले तरी, माघारीच्या तारखेनंतर तीनदा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहिरात द्यावी लागते. पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा, नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. हा खर्च उमेदवाराच्याच हिशेबात.

---

हिशेबनीस_सोलापूर

खर्च म्हटलात म्हणून पुढचं लिहितो. २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं, खर्च सगळा त्यातून. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण प्रचारात रोखीने १०,००० च्या वर द्यायचं नाही. नोंदवहीचे तीन भाग असतात: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचारात किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते.

मांडव, खुर्ची, चहा, वडापाव, फेटा. प्रत्येकाचा दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतो. कोणी कार्यकर्त्याने मांडव फुकट घातला तरी दरपत्रकाप्रमाणे रक्कम तुमच्या नावावर धरतात. ते दरपत्रक पहिल्याच दिवशी मिळवा.

खेळाडू उमेदवार नेमका कुठे अडकतो? स्पर्धेत. आचारसंहितेत त्याच्या नावाचा "चषक", मंडळांना मॅट, पोरांना टी-शर्ट आणि बूट, कुस्तीच्या फडात त्याने लावलेलं इनाम. हे खर्चात धरून भागत नाही. मतदाराला वस्तू देणं म्हणजे लाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली तो भ्रष्ट आचार, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० व १७३ खाली गुन्हा. यात्रेच्या फडात प्रेक्षक म्हणून बसायला हरकत नाही. हलगी वाजतेय म्हणून उठून पाच हजाराची कुस्ती लावली की संपलं. कोणीतरी सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर व्हिडिओ टाकतोच.

जुने सहकारी खेळाडू प्रचाराला येतील. पक्षाच्या स्टार प्रचारकांच्या यादीत त्यांचं नाव असेल तर त्यांचा प्रवासखर्च उमेदवारावर पडत नाही. नाव नसेल तर विमानाचं तिकीट, हॉटेल, गाडी सगळं याच्या ४० लाखांत. यादीतला माणूसही उमेदवाराच्या शेजारी व्यासपीठावर बसला तर सभेचा खर्च उमेदवाराच्या वाट्याला येतो.

निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा, हरला तरी. हरलेले लोक दमून गावाला जातात आणि विसरतात. हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

---

बूथवरचा_माणूस

कागद सगळे बरोबर आहेत, पण मतं कागदावर पडत नाहीत. ओळख आणि मत यांत फार अंतर असतं हे त्याने आत्ताच समजून घ्यावं.

योगेश्वर दत्त, ऑलिंपिक पदकविजेता मल्ल, हरियाणात डीएसपीची नोकरी सोडून २०१९ ला बरोदामधून उभा राहिला, हरला. २०२० ला तिथेच पोटनिवडणूक झाली, परत हरला. त्याच २०१९ ला त्याच राज्यात हॉकीचा संदीप सिंग पेहोवामधून जिंकला आणि क्रीडामंत्री झाला. थाळीफेकीची कृष्णा पूनिया राजस्थानात सादुलपूरला २०१३ ला हरली, पाच वर्षं मतदारसंघ सोडला नाही, २०१८ ला तिथूनच निवडून आली. आपल्याकडचं म्हणाल तर सांगलीचे बिजली मल्ल संभाजी पवार १९८६ च्या पोटनिवडणुकीत आमदार झाले आणि एकूण चार वेळा निवडून गेले. नुसत्या कुस्तीवर चार वेळा कोणी निवडून येत नाही. दुसरीकडे दोन वेळचा महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील २०२४ ला सांगली लोकसभेला तिसरा आला आणि अनामत गेली. तिथली मूळ लढत दुसऱ्या दोघांत लागली होती. गर्दी पैलवानाला बघायला येते, मत कुठल्या लढतीत टाकायचं ते घरी जाऊन ठरवते.

आपल्या जिल्ह्यात मल्लांचं नाव काय आहे ते बोरामणीकडे बघून कळतं. इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल शेख, एकाच घरातले तीन भाऊ महाराष्ट्र केसरी. एवढा मान असलेल्या जिल्ह्यात खेळाडूबद्दल लोकांना जिव्हाळा आहेच. त्याचं मतात रूपांतर करायचं तर काम असं:

मतदारसंघात तीनशेच्या वर मतदान केंद्रं धरा. प्रत्येक केंद्राला एक प्रतिनिधी, वर दोन बदली. म्हणजे नऊशे माणसं, नावानिशी, फोन नंबरसह, आणि शक्यतो त्याच केंद्राचे मतदार. कबड्डीची मंडळं इथे उपयोगी पडतात, पण खेळणारी बरीच पोरं १८ च्या आतली असतात किंवा नोकरीला पुण्यात. यादी करताना प्रत्येकाचं नाव मतदार यादीत आहे का बघा. दोनशे जणांच्या मंडळात साठ मतदार निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

प्रतिनिधीची नेमणूक नमुना १० वर. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान होतं, तेव्हा त्याने हजर असलं पाहिजे. तिथे किमान ५० मतं टाकून मोजून दाखवतात आणि मग ती पुसतात. पुसली का हे बघणं हे त्याचं सकाळचं काम. संध्याकाळी नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. त्यात यंत्राचा क्रमांक, सीलचा क्रमांक आणि एकूण पडलेली मतं असतात. मोजणीच्या दिवशी आकडा जुळला नाही तर याच कागदावर बोलता येतं, दुसरं काही हातात नसतं. नवख्या उमेदवाराकडे तीनशेपैकी शंभर प्रतीही गोळा होत नाहीत, कारण पोरं सात वाजता गुलालाच्या तयारीला लागतात.

मोजणीला साधारण १४ टेबलं, प्रत्येकाला एक प्रतिनिधी, नमुना १८. तिथे बेरीज येणारी, शांत माणसं बसवा. शेतकी पतसंस्थेतला निवृत्त क्लार्क दहा रेडर्सपेक्षा कामाचा.

विणकर वसाहतीत आणि अक्कलकोट पट्ट्यात तेलुगू, कन्नड बोलणारी घरं भरपूर आहेत. पत्रकं आणि माणसं दोन्ही त्या भाषेची लागतील.

---

मैदान_सोलापूर

बूथभाऊ, १७-सी चं माहीतच नव्हतं. आता शेवटचं. निवडून आला तर खेळता येतं का? आणि एकाने सुचवलं की निवडणुकीच्या भानगडीपेक्षा राज्यपालांच्या कोट्यातून विधान परिषदेवर जावं. खेळाडूला ते मिळतं का?

---

तालीमवाला_अक्कलकोट

खेळता येतं. क्रिकेटपटू मनोज तिवारी २०२१ ला शिवपूरमधून आमदार झाला, बंगालचा क्रीडा राज्यमंत्री होता, आणि २०२२ च्या रणजी उपांत्यपूर्व फेरीत झारखंडविरुद्ध त्याने शतक ठोकलं. पुढच्या हंगामात कर्णधार म्हणून संघाला अंतिम सामन्यात नेलं. नेमबाज श्रेयसी सिंग बिहारमधल्या जमुईची आमदार असताना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला खेळली.

हद्द कुठे आहे? घटनेच्या कलम १९० प्रमाणे सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिलं तर जागा रिकामी जाहीर होऊ शकते. सत्र संपलेलं असतानाचे दिवस यात धरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात ही मर्यादा लांब आहे. तरीही शिबिरासाठी जायचं तर अध्यक्षांकडे लेखी रजा मागावी. नागपूरचं हिवाळी अधिवेशन कबड्डीच्या ऐन हंगामात येतं, हे त्याने आधीच धरून चालावं.

खासगी अकादमीत शिकवायला हरकत नाही. सरकारी पगारावर प्रशिक्षक मात्र नाही, तिथे पुन्हा कलम १९१.

राज्यपालनियुक्त १२ जागांचं: कलम १७१(५) मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा अशी पाच क्षेत्रं लिहिली आहेत. खेळ हा शब्द त्यात नाही. राज्यसभेच्या कलमातही नाही, तरी सचिन तेंडुलकर २०१२ ला, मेरी कोम २०१६ ला, पी. टी. उषा २०२२ ला नियुक्त झाले. वाट बंद नाही, पण ती मंत्रिमंडळाच्या शिफारशीवर चालते, अर्ज करून मिळत नाही. वय ३० पूर्ण लागतं, विधानसभेला २५. नऊ वर्षं नोकरी झाली म्हणता तर वयात तो बहुधा बसेल. त्या भरवशावर राजीनामा मात्र देऊ नये.

---

कागद_पक्का

मैदानभाऊ, या आठवड्यात तीन कामं करून घ्या: थेट नियुक्तीचा मूळ आदेश शोधून बंधाचं कलम वाचणं, मोटरसायकलचं हस्तांतर, आणि फॉर्म ८. आदेशातला बंधाचा मजकूर नाव झाकून इथे टाका, म्हणजे किती रक्कम भरावी लागेल ते सांगता येईल.

---

मैदान_सोलापूर

आदेश आज संध्याकाळी मागवलाय. मजकूर उद्या टाकतो.